बदली खेळाडू कधी उतरवायचा?

२३ जून १९९४, गुरुवार. न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफोर्डच्या जायंट्स स्टेडियमवर विश्वचषकाचा इटली विरुद्ध नॉर्वे हा सामना होता. ऑफिसमधल्या एका इटालियन वंशाच्या सहकाऱ्याकडे एक तिकीट जास्तीचे होते. "तुमच्या देशात सॉकर खेळतात का?" असे विचारत त्याने ते मला देऊ केले. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियम, पेठापेठांतल्या तालमींचे संघ, पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्याला लोटणारी गर्दी हे सगळे त्याला समजावून सांगायला आमचा लंच अवर पुरला नसता. "खेळतात थोडेफार," एवढेच म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

सामना सुरू होऊन एकवीस मिनिटे झाली आणि इटलीचा गोलकीपर पॅग्लियुका याने पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर येऊन चेंडू हाताने अडवला. लाल कार्ड. आता दुसरा गोलकीपर उतरवायचा तर मैदानावरच्या उरलेल्या दहांपैकी एकाला बाहेर बोलावणे भाग होते. प्रशिक्षक अरिगो साकी याने बोलावले कोणाला, तर रॉबर्टो बॅजिओला! १९९३ साली युरोपमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, ज्याच्या एका पायावर सगळा इटली उभा होता, तो बॅजिओ. तोही क्षणभर विश्वास न बसल्यासारखा उभा राहिला. बाहेर येताना तो "हा वेडा झालाय" अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटला, हे मी रात्री घरी टीव्हीवर पाहिले. स्टेडियममध्ये माझ्या सहकाऱ्याने जे शब्द वापरले ते इथे छापण्यासारखे नाहीत. मीही कोल्हापुरी भाषेत भर घातली.

इटलीने तो सामना १-० असा जिंकला. गोल केला तो डिनो बॅजिओने. आडनाव तेच, नाते काही नाही. मध्यंतरानंतर लगेच कप्तान बारेसी गुडघा दुखावून बाहेर गेला आणि शेवटी शेवटी तर माल्दिनी लंगडत खेळत होता, कारण बदली खेळाडू संपले होते. दहा जणांनी अकरांचे काम करायचे म्हणजे प्रत्येकाला मागे-पुढे जास्त धावावे लागणार. कलावंत बॅजिओ तेवढा धावणारा नव्हता. साकीने "माझा सर्वांत चांगला खेळाडू कोण?" हा प्रश्न विचारलाच नव्हता. "पुढच्या सत्तर मिनिटांत काय काम आहे आणि ते कोणाच्याने होणार नाही?" हा त्याचा प्रश्न होता. हे मला त्या संध्याकाळी कळले नाही. चार वर्षांनी, स्वतः शिट्टी गळ्यात अडकवून उभा राहिलो तेव्हा कळले, आणि तेही उशिरा.

ज्या वाचकांचे फुटबॉलशी फारसे सख्य नाही त्यांच्यासाठी थोडे नियमांविषयी. आपल्या क्रिकेटमधला बारावा गडी क्षेत्ररक्षण करतो, पण बॅट हातात घेत नाही. इकडच्या बास्केटबॉलमध्ये प्रशिक्षक खेळाडूंना हवे तेव्हा आत-बाहेर करतो. फुटबॉलमध्ये बदली खेळाडू पूर्ण हक्काने खेळतो, पण जो बाहेर गेला तो गेला, त्याला परत येता येत नाही. म्हणून ही नाणी मोजून खर्च करावी लागतात. विश्वचषकात बदलीची सोय प्रथम १९७० साली आली, प्रत्येक संघाला दोन. त्याच स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात पश्चिम जर्मनीचा बेकेनबॉवर खांदा निखळलेला असताना हात गळ्यात बांधून खेळत राहिला, कारण ती दोन नाणी आधीच खर्च झाली होती. १९९४ मध्ये दोन अधिक एक गोलकीपर असा हिशेब होता. १९९५ पासून कोणतेही तीन. २०२० साली साथीमुळे सामने दाटीवाटीने खेळवावे लागले तेव्हा पाचांची मुभा मिळाली आणि २०२२ मध्ये ती नियमात कायम झाली. मात्र हे पाच जण, मध्यंतर सोडून, जास्तीत जास्त तीन वेळा खेळ थांबवून उतरवायचे.

ताज्या पायांची किंमत काय असते हे त्याच १९९४ च्या स्पर्धेत दुसऱ्याच दिवशी दिसले. ऑरलँडोच्या भर दुपारच्या उन्हात आयर्लंड मेक्सिकोविरुद्ध ०-२ असा मागे होता. जॉन ऑल्ड्रिज मैदानाच्या कडेला तयार उभा होता, ज्याच्या जागी तो येणार तो खेळाडू बाहेरही आला होता, पण कागदपत्राच्या काही घोळात अधिकाऱ्याने ऑल्ड्रिजला आत सोडले नाही. ऑल्ड्रिजचा थयथयाट सगळ्या जगाने पाहिला. शेवटी ६७व्या मिनिटाला तो आत गेला आणि ८४व्या मिनिटाला त्याने गोल केला. सामना आयर्लंड १-२ असा हरलाच. पण त्या गटातल्या चारही संघांचे गुण सारखे झाले, चौघांच्याही गोलांचा हिशेब शून्यावर आला आणि सर्वांत कमी गोल करणारा नॉर्वे घरी गेला. ऑल्ड्रिजचा गोल नसता तर घरी गेला असता आयर्लंड.

दमणे म्हणजे नेमके काय, हेही जरा पाहू. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात दहा ते बारा किलोमीटर धावतो. त्यात चालणे, जॉगिंग सगळे आले. खरी झीज होते ती मधूनमधून घ्याव्या लागणाऱ्या जोरदार धावांनी. स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपत येते आणि या धावा आधी आखूड होतात, मग विरळ. मोर, क्रुस्ट्रुप आणि बँग्सबो या डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ साली वरच्या दर्जाच्या खेळाडूंची मोजमापे प्रसिद्ध केली. शेवटच्या पंधरा मिनिटांत बदली म्हणून आलेल्यांनी इतरांपेक्षा २५ टक्के जास्त जोरदार धावा घेतल्याचे त्यांना आढळले. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पाच मिनिटे अतिशय जोरात खेळलेला खेळाडू त्यानंतरची काही मिनिटे मंदावतो आणि मग सावरतो. म्हणजे दमणे दोन प्रकारचे. एक येऊन जाणारे, एक येऊन राहणारे. पहिले पाहून घाबरून खेळाडू काढणे ही चूक, आणि दुसऱ्याला पहिले समजून थांबणे ही त्याहून मोठी.

ही दुसरी चूक मी केली आहे.

१९९८ साली आमच्या गावातल्या चौदा वर्षांखालील मुलींच्या संघाचा मी प्रशिक्षक होतो. इकडे मुलांच्या सॉकरला पालकच प्रशिक्षक लागतात आणि "तू भारतातून आलास, तू लहानपणी खेळलास" एवढी पात्रता पुरते. मुलांच्या सामन्यांत बदलीचे नियम ढिले असतात. बाहेर काढलेल्या मुलीला दहा मिनिटांनी परत आत सोडता येते. म्हणजे साकीसारखी नाणी मोजण्याची गरजच नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले त्याला नियमांची सबब नाही.

ऑक्टोबरमधला रविवार, एका छोट्या स्पर्धेचा अंतिम सामना, बरोबरी १-१. आमच्या मधल्या फळीत एक मराठी मुलगी होती, संघाचा कणाच म्हणा ना. तिचे आजी-आजोबा महिन्यापूर्वी सांगलीहून आले होते आणि शाल-स्वेटरसकट घडीच्या खुर्च्यांवर बसून पहिल्यांदाच नातीचा खेळ पाहत होते. वडिलांच्या हातात व्हिडिओ कॅमेरा. उत्तरार्धात दहा-बारा मिनिटांनी मला दिसले की चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे बघायची तिची सवय बंद पडली आहे. मग ती पुढचा पास सोडून जवळचाच पास देऊ लागली. खेळ थांबला की हात कमरेवर. दोनदा तिने बाकाकडे, माझ्याकडे, पाहिले. मला वाटले, मला काढू नका म्हणून पाहते आहे. आणि खरे सांगायचे तर त्या दोन खुर्च्यांसमोरून तिला चालत बाहेर आणण्याचे धैर्य मला झाले नाही. आणखी पाच मिनिटे, असे मी तीन वेळा म्हणालो.

मग एका मोकळ्या चेंडूवर ती अर्धे पाऊल उशिरा पोचली, पाय जमिनीत रुतला आणि गुडघा वळला. गुडघ्याच्या आतला मुख्य बंध तुटला होता. शस्त्रक्रिया, ब्रेस, नऊ महिने व्यायाम. दमल्यामुळेच असे झाले असे कोणी डॉक्टर म्हणाला नाही, ताज्या खेळाडूचाही गुडघा जातो. पण ते अर्धे पाऊल मी पाहिले होते. तिच्या घरच्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट आजींनी जाण्यापूर्वी घरी बोलावून कटाची आमटी केली. तो घास गिळताना काय वाटले ते सांगत नाही.

आपल्या भाषेत "भीड" म्हणून एक शब्द आहे. माझ्या अमेरिकन मित्रांना तो समजावून सांगण्याचा मी बरेचदा प्रयत्न केला, जमले नाही. ती भीती नाही, लाजही नाही. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून हात आखडणे, ते. बदली उशिरा होते ती बहुतेक वेळा प्रशिक्षकाला दिसत नाही म्हणून नव्हे. दिसलेले असते, हात अडतो तो भिडेने. खेळाडूची भीड, त्याच्या घरच्यांची भीड, आणि सर्वांत मोठी स्वतःची: यालाच खेळवायचे असे मीच सकाळी ठरवले होते, आता तासाभरात ते चुकले असे चारचौघांत कसे म्हणू? आमच्या पेठेतल्या संघाचे वस्ताद आणि सेंटर फॉरवर्डचा चुलता एकाच गल्लीत राहत. तो सेंटर फॉरवर्ड कधी बाहेर गेल्याचे मला आठवत नाही. खो-खोत बरे असते, पाठलाग करणारा दमला की स्वतःच खो देतो आणि बसतो. फुटबॉलमध्ये खो दुसऱ्याला द्यावा लागतो.

या भिडेवर एक औषध पेनसिल्व्हेनियातल्या व्हिलानोव्हा विद्यापीठातले प्राध्यापक ब्रेट मायर्स यांनी २०१२ साली सुचवले. युरोपातल्या मोठ्या लीग, अमेरिकेतली मेजर लीग सॉकर आणि २०१० चा विश्वचषक यांतले सामने तपासून त्यांनी एक नियम काढला. संघ मागे असेल तर पहिली बदली ५८व्या मिनिटाच्या आत, दुसरी ७३च्या आत, तिसरी ७९च्या आत. बरोबरी किंवा आघाडी असेल तर आपल्या सोयीने. हा नियम पाळणाऱ्या पिछाडीवरच्या संघांनी गोलांचा फरक कमी केल्याचे प्रमाण न पाळणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आले. आम्हा इंजिनिअर लोकांना असे आकडे दिसले की आनंद होतो. मी ते तीन आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवले.

आनंद चार वर्षे टिकला. २०१६ साली कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या सिल्व्हा आणि स्वार्ट्झ या दोघांनी तोच प्रश्न दुसऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने, संघांची मुळातली ताकद हिशेबात धरून तपासला. उत्तरार्धात बदली केल्याने फायदाच होतो असे कोणतेही ठरावीक मिनिट त्यांना सापडले नाही. शिवाय दोन तुल्यबळ संघांत पुढचा गोल मागे असलेल्या संघाकडून होण्याचीच शक्यता अधिक, असेही त्यांना दिसले. मग बदली झालेली असो वा नसो. साहजिक आहे, मागचा संघ जिवावर उदार होतो, पुढचा सांभाळून खेळतो. तेव्हा बदलीनंतर आलेला प्रत्येक गोल बदलीच्या खात्यावर मांडता येत नाही.

मग पाकिटातला कागद फाडायचा का? मी फाडला नाही. ५८ या आकड्यात जादू नाही हे मान्य. पण तो आकडा सामन्याच्या आधी ठरलेला असतो, आजी-आजोबा खुर्च्यांवर बसण्याच्या आधी. घड्याळाला भीड नसते. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला निर्णय घ्यायचाच असे आधी ठरवले की न काढणे हासुद्धा निर्णय होतो, तो आपोआप घडत नाही. १९९८ साली मी "काढणार नाही" असे एकदाही ठरवले नव्हते. फक्त आणखी पाच मिनिटे म्हणत गेलो.

याची दुसरी बाजू आपल्या शेजारच्याच माणसाने दाखवली. बॉब ब्रॅडली मूळचे न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरचे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संघाचे ते बरीच वर्षे प्रशिक्षक होते. २०१० च्या विश्वचषकात अमेरिकेचा संघ त्यांच्याकडे होता. स्लोव्हेनियाविरुद्ध ०-२ असे मागे असताना त्यांनी मध्यंतरालाच दोघांना बदलले आणि सामना २-२ असा सोडवला. त्यांना भीड नव्हती. पण घानाविरुद्ध त्यांनी मधल्या फळीत खेळवलेल्या रिकार्डो क्लार्कने पाचव्या मिनिटाला चेंडू गमावला आणि त्यातून गोल झाला. दोनच मिनिटांनी त्याला पिवळे कार्डही मिळाले. ब्रॅडलींनी त्याला ३१व्या मिनिटाला बाहेर घेतले. मध्यंतराला आणखी एक बदल. संघ सावरला, डॉनोव्हनने पेनल्टीवर बरोबरीही साधली. पण तीनपैकी दोन नाणी पूर्वार्धातल्या चुका दुरुस्त करण्यात गेली होती. जादा वेळ सुरू झाली तेव्हा बहुतेकांच्या पायांत शिसे होते, आणि तिसऱ्याच मिनिटाला ग्यानने घानाचा विजयी गोल केला. ती ३१व्या मिनिटाची बदली बरोबरच होती असे मला वाटते. चूक सकाळी संघ लिहिताना झाली होती. तिची किंमत जादा वेळेत वसूल झाली.

चार वर्षांनी बेल्जियमने अमेरिकेला याच जागी पकडले. नव्वद मिनिटे टिम हॉवर्डने गोल वाचवले, आणि जादा वेळ सुरू होताना बेल्जियमने धिप्पाड लुकाकूला उतरवले. दमलेल्या बचावफळीसमोर तो ताजा गडी. एक गोल त्याने करवला, एक स्वतः केला.

पण दमलेल्याला काढावेच असा सरसकट नियम कोणी करू नये. १० जुलै १९९९ रोजी पॅसाडिनाच्या रोझ बाउलमध्ये महिला विश्वचषकाचा अमेरिका विरुद्ध चीन हा अंतिम सामना झाला तेव्हा आमचा मुलींचा सगळा संघ माझ्या बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर होता, ब्रेस लावलेली ती मुलगीसुद्धा. अमेरिकेची मिशेल एकर्स ३३ वर्षांची होती आणि तिला कायम थकवा आणणारा आजार होता. त्या उन्हात ती दमली आहे हे आमच्या मुलींनाही कळत होते. प्रशिक्षक टोनी डिचिको यांनी तिला नव्वद मिनिटे ठेवले. शेवटच्या क्षणी आपल्याच गोलकीपरच्या ठोशाने ती कोसळली तेव्हाच ती बाहेर गेली, आणि सारा व्हेलन आत आली. त्यानंतर दहा मिनिटांत चीनने हेडर मारला आणि तो क्रिस्टीन लिलीने गोलरेषेवरून परतवला. एकर्स धावत कमी होती, पण कुठे उभे राहायचे हे तिला कळत होते, आणि उंच चेंडूवर तिच्यासारखे दुसरे कोणी नव्हते. दमलेली एकर्स आणि ताजी दुसरी यांत डिचिकोंनी पहिली निवडली. ती भीड नव्हती, हिशेब होता. एकर्स आत सलाईन लावून पडलेली असताना अमेरिकेने पेनल्टीवर विश्वचषक जिंकला.

तेव्हा खेळाडू किती दमला यापेक्षा दमल्यावर त्याच्या हातून काय सुटते, हे पाहावे. मी पुढची बारा वर्षे प्रशिक्षक होतो आणि पाहायचो ती मान. पाय दमलेले सगळ्यांना दिसतात, पण मान वळायची थांबली की डोके दमले समजावे, आणि ते विश्रांतीशिवाय परत येत नाही. बचावपटू उशिरा पोचून पाय घालू लागला तर वाट पाहू नये, पुढे कार्ड तरी आहे किंवा गुडघा तरी. निष्प्रभ खेळाडूची गोष्ट वेगळी. तो दमलेला नसतो, त्याच्यापर्यंत चेंडूच येत नसतो. त्याला काढण्याआधी जागा बदलून पाहावी. नायजेरियाविरुद्ध बॅजिओ जवळजवळ पूर्ण सामना दिसलाच नव्हता, आणि ८८व्या मिनिटाला गोल करून त्यानेच इटलीला वाचवले. अशा खेळाडूंमुळेच प्रशिक्षकांचे केस लवकर पिकतात. पाच बदल्यांच्या नियमाने मात्र एक चांगले झाले. संघातला निम्मा गट रोजच बाहेर येतो म्हटल्यावर बाहेर येणे हा अपमान राहिला नाही.

साकीचे पुढे काय झाले ते राहिले. १७ जुलै १९९४, रोझ बाउल, ब्राझीलविरुद्ध अंतिम सामना, सुरुवात दुपारी साडेबाराला. चार दिवसांपूर्वी, पुन्हा आपल्या जायंट्स स्टेडियमवरच, बल्गेरियाविरुद्ध दोन गोल करून बॅजिओ मांडीचा स्नायू दुखावून बाहेर गेला होता. नॉर्वेच्या सामन्यात जायबंदी झालेला बारेसी शस्त्रक्रियेनंतर साडेतीन आठवड्यांत परत आला होता. दोघेही पूर्ण १२० मिनिटे खेळले. बारेसी सुंदर खेळला. बॅजिओला धावता येत नव्हते हे टीव्हीवरही दिसत होते, आणि लागोपाठ दोन वर्षे इटालियन लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा सिग्नोरी बाकावर बसून राहिला. पेनल्टीत इटलीचा पहिला फटका बारेसीचा आणि शेवटचा बॅजिओचा. दोन्ही बारवरून गेले. धडधाकट बॅजिओला एकविसाव्या मिनिटाला बाहेर बोलावणाऱ्या माणसाला दुखावलेल्या बॅजिओला १२० मिनिटांत बोलावता आले नाही. बिचाऱ्यासमोर खुर्च्या टाकून सगळा इटली बसला होता.

जायंट्स स्टेडियम २०१० साली पाडले. शेजारी नवे उभे राहिले आणि २०२६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना त्याला मिळाला. ती बातमी आली त्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत ती मुलगी भेटली. आता तिचीच मुलगी सॉकर खेळते. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभे असताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मी तो रविवार काढला. म्हटले, तू दोनदा माझ्याकडे पाहिलेस आणि मला कळले होते, तुला बाहेर यायचे नव्हते.

"नाही काका," ती तिच्या अमेरिकन मराठीत म्हणाली, "मी तुम्हाला काढा म्हणत होते. आजीसमोर हात वर कसा करणार?"